मेंदू सोलायला हैदराबादला

हैदराबादहून येऊन दहा-बारा दिवस झाले. कॉलनीतल्या बायका अजून विचारतात, चारमिनार कसा आहे? चारमिनार मी जीपच्या मागच्या काचेतून पाहिला, पुढे म्हशी आडव्या आल्या होत्या तेवढा वेळ. चार मिनार आहेत, मोजले. एवढं सांगितलं की बायकांची निराशा होते आणि माझी जीभ तिथेच थांबते. चारजणी समोर बसल्या की मला नेहमीच काही सुचत नाही. कागदावर तसं होत नाही. म्हणून प्रयोगशाळेच्या रद्दीत निघालेल्या एका रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवते आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा चुका असतील. पण ज्यांच्याबरोबर गेले होते त्यांचं शिक्षण बघता, चुकांचा आणि शिक्षणाचा फारसा संबंध नसावा.

निघण्याआधी

नाशिकच्या एका कॉलेजात मी चार वर्षं हंगामी कामाला आहे. आमचे हे एकलहऱ्याला वीजकेंद्रात कोळशावर. मी आठवड्यातून दोनदा पहाटेच्या बसने भद्रकालीत उतरते, खाटीकखान्यात जाते आणि ताज्या कापलेल्या बकऱ्यांचे मेंदू बर्फाच्या बरणीत घालून कॉलेजात आणते. मग बर्फातच हात घालून त्यांच्यावरचं पातळ कातडं आणि रक्ताचे धागे बोटांनी सोलून काढते. जरा उशीर झाला किंवा जोर लागला की माल गेला. हे काम कॉलेजात माझ्याशिवाय कोणाला जमत नाही, म्हणजे कोणाला करायचं नाही.

देवधर सरांनी मला कामावर घेतलं तेव्हा अर्जावरचं आडनाव वाचून विचारलं होतं, "तुम्हाला यातलं… चालत असेल ना?" चालत असेल! जन्मतःच मेंदू सोलत आल्यासारखं. सर स्वतः शाकाहारी. मी सोलत असते तेव्हा ते दाराबाहेर नाकाला रुमाल लावून उभे राहतात आणि "झालं का?" विचारतात. सगळं पाण्यासारखं स्वच्छ होऊन नळीत आलं की मग ते त्यांचं संशोधन.

ते नळीतलं काय असतं, हे मला मीनलताईंनी समजावलं. मीनलताई म्हणजे सरांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी मुलगी. त्या सांगतात, पेशी म्हणजे नुसती पाण्याची पिशवी नव्हे, तिच्या आत मांडव असतो. माझं माहेर दिंडोरीकडचं. मांडव म्हटला की मला द्राक्षाचा दिसतो, लोखंडी अँगल, ताणलेल्या तारा आणि वर वेल. पेशीतल्या मांडवाचे अँगल ज्या प्रथिनाचे होतात त्याचं नाव ट्युब्युलिन, आणि ते मेंदूत भरपूर सापडतं. गंमत अशी की हा मांडव उबेत उभा राहतो आणि बर्फात मोडतो. नळी अंगाइतकी गरम केली की आतलं पाणी ढगाळ होतं, बर्फात ठेवली की परत स्वच्छ. मीनलताईंचा नियम आहे, गरम करून झालं की प्रत्येक नळी पुन्हा बर्फात ठेवायची आणि मगच धुवायची. "ढगाळ काय, नासलं तरी होतं," त्या म्हणतात. "बर्फात उतरलं तरच ते खरं."

डिसेंबरात, म्हणजे सत्त्याऐंशीच्या, हैदराबादच्या एका मोठ्या संस्थेचं पत्र आलं. तिथले डॉक्टर राव परदेशातून आले होते आणि त्यांनी माणसाचं ट्युब्युलिन जंतूंकडून तयार करून घेतलं होतं. माणसाच्या पेशीतली त्याची कृती काढून जंतूत घालायची आणि जंतू विरजणासारखे वाढवायचे. सरांना तर गगन ठेंगणं झालं.

"सुमनबाई, बकऱ्यांचा प्रश्न मिटला! आता हिंसा नाही, वास नाही, काही नाही."

बकऱ्यांबरोबर माझाही प्रश्न मिटत होता. मला कायम करतो, असं सर चार वर्षं म्हणत होते, कमिटी भरली की करतो. ती कमिटी काही भरत नव्हती. आता मेंदूच नको म्हटल्यावर मला कायम करून काय लोणचं घालणार? पण एवढ्यात तरी मी हवी होते. हैदराबादला बकऱ्याचं आणि माणसाचं ट्युब्युलिन शेजारी शेजारी तपासायचं होतं आणि बकऱ्याचं करायला तिथे कोणाचा हात चालत नव्हता. थोडक्यात, माझी गरज नाही हे सिद्ध करायला मला तिकीट काढून नेत होते.

मनमाडपासून पुढे

मनमाडला छोट्या रुळांच्या गाडीत बसलो. ही गाडी इतकी हलते की पोटातलं ताक घुसळून निघावं. सरांनी खिडकी घेतली, समोर मीनलताई, आणि मी पिशव्यांच्या बाजूला. मी ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. मीनलताईंनी हात पुढे करून घेतली. सरांनी "नको, माझं पोट नाजूक आहे" म्हणून आपला डबा उघडला आणि आमच्याकडे पाठ फिरवून खाल्ला.

औरंगाबादला एक नांदेडकडची बाई चढली, कपाळभर कुंकू, बोलायची हौस. तिने सरांना विचारलं, "ह्या तुमच्या कोण?"

सर म्हणाले, "आमच्याबरोबर आहेत."

"ते दिसतंच की ओ. कोण, म्हणते मी."

"म्हणजे… लॅबमध्ये मदत करतात."

बाई माझ्याकडे वळली. "कसली मदत ग माय?"

मी खाली मान घालून म्हटलं, "मेंदू साफ करते. बकऱ्याचे."

बाईने सरांकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि खदखदून हसली. "आन् हे वरणभात खाऊन बसलेत!" सरांनी वर्तमानपत्र उघडलं ते परभणीपर्यंत मिटलं नाही.

नांदेडला त्या नाजूक पोटाने फलाटावर मिरचीची भजी घेतली. मिरच्या हाताच्या बोटाएवढ्या होत्या आणि आतलं बी तसंच. पाचव्या घासाला सरांचे कान लाल झाले. पाणी, पाणी म्हणत त्यांनी माझा तांब्या तोंडाला लावला. चार वर्षांत माझ्या हातचं पाणी ते पहिल्यांदा प्याले. मिरची बरंच काही विसरायला लावते.

संस्था

संस्था म्हणजे एवढी मोठी बाग आणि मध्ये एवढी थंड इमारत, की आत शिरल्यावर मला स्वेटर घालावा लागला. आत जाताना सगळे चपला काढतात, देवळात काढतात तशा. फक्त इथे देवाऐवजी यंत्रं आहेत आणि पुजारी जास्त बोलतात. सरांना पाहुण्यांच्या बंगल्यात खोली मिळाली, मीनलताईंना मुलींच्या वसतिगृहात. मला कुठे ठेवायचं यावर व्हरांड्यात दहा मिनिटं इंग्रजीत चर्चा झाली. शेवटी सफाईच्या लक्ष्मम्माच्या खोलीत दुसरी खाट टाकली. हे एक काम त्यांनी बरोबर केलं.

लक्ष्मम्मा घरात तेलुगू बोलते आणि बाहेर हैदराबादी हिंदी. नको म्हणायला ती "नक्को" म्हणते, मला एकदम घरच्यासारखं वाटलं. तिने विचारलं, "तुमे क्या करते जी?"

म्हटलं, "भेजा साफ करती."

"हौ? तो हमारे डागदरां का बी कर दो ना अम्मा, बहुत दिन से नै हुआ!" आणि स्वतःच खाटेवर आडवी होऊन हसली.

तिने मला गरम भातावर तेल आणि अंबाडीची चटणी वाढली. आपल्याकडे अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून, वर लसणाची फोडणी देऊन करतात, ती सौम्य लागते. ही चटणी आंबट आणि तिखट अशी, की डोळ्यांतून पाणी येतं आणि हात थांबत नाही. सर आणि डॉक्टर राव कँटीनमध्ये काट्याचमच्याने सांबारभात खात होते. काट्यावर सांबार राहत नाही, हे कळायला परदेशात जावं लागत नाही. जाऊन आलेल्यांना मात्र ते कळत नाही असं दिसलं.

कादरभाई

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या जीपमधून मी कत्तलखान्यात गेले. सरांनी मला संस्थेच्या फाटकापर्यंत सोबत केली. मीनलताई मात्र आत आल्या, पांढऱ्याफटक पडल्या, पण आल्या.

तिथले कादरभाई पिकल्या दाढीचे, फार नेटके. म्हणाले, "नाशिक से आए भेजे के वास्ते? नाशिक में बकरे मर गए क्या?"

मी नुसती बरणी पुढे केली. त्यांनी बरणीतला बर्फ चाचपला आणि त्यांचा चेहरा बदलला. "काम की औरत है," ते शेजाऱ्याला म्हणाले. आमच्याकडे डोकं वरून मधोमध फोडतात, त्यात मेंदूचा थोडा भाग चिरडतोच. कादरभाईंनी मागच्या बाजूने सुरी फिरवून कवटीचं झाकण उघडलं आणि मेंदू अख्खा माझ्या ओंजळीत दिला, अजून कोमट. असे सहा. अख्ख्या हैदराबादेत मी नवीन काही शिकले असेन तर हे, आणि ते शिकवणाऱ्याच्या नावापुढे डॉक्टर नव्हतं.

प्रयोगशाळेत सहाही मेंदू मी बर्फात सोलून ठेवले. बघायला पंधरा माणसं जमली होती. पण मेंदू हातात आला की मला माणसं दिसत नाहीत. एकाने फोटो काढला. मीनलताईंनी मला नंतर दाखवला. फोटोत हात माझे आहेत आणि तोंड सरांचं. ते शेजारी उभे राहून मेंदूकडे असे पाहताहेत जणू आत्ताच जन्माला घातला. नाकाला रुमालही नाही. फोटोत वास येत नाही ना!

मग दिवसभर मीनलताईंनी तो माल दळला, मोठ्या यंत्रात फिरवला, गरम केला, थंड केला, पुन्हा फिरवला. शेवटी बोटाच्या पेराएवढं पाणी उरलं. सहा बकऱ्यांचं एवढंच.

टाळ्या

तिसऱ्या दिवशी परीक्षा. एका यंत्रात नळी ठेवायची. नळी ढगाळ होत गेली की यंत्राचा पेन कागदावर वर चढत जातो. आधी आमची बकऱ्याची नळी ठेवली. पेन जरा वेळ सरळ चालला, मग हळूहळू चढला आणि वर जाऊन थांबला. नळी बर्फात ठेवली, पुन्हा यंत्रात घातली, पेन खाली. कोणी लक्षही दिलं नाही. लग्नात पहिल्या पंगतीला वाजंत्रीवाले जेवले की कोण बघतं?

मग डॉक्टर रावांनी आपली नळी ठेवली, माणसाच्या प्रथिनाची. उबेत गेल्या गेल्या पेन सरळ उभा चढला. आमच्यापेक्षा लवकर आणि आमच्यापेक्षा उंच. टाळ्या पडल्या. सरांनी रावांचे दोन्ही हात धरले आणि मग आमच्याकडे वळून मराठीत म्हणाले, "बघा! आता एकाही मुक्या जिवाला त्रास द्यायला नको." माझ्याकडे पाहूनच म्हणाले, जणू इतकी वर्षं मी हौसेने त्रास देत होते. मीनलताई काहीतरी विचारायला पुढे झाल्या, पण तोवर कोणीतरी चहाची हाक दिली आणि सगळी विद्वत्ता समोशांकडे धावली. मीनलताईंनाही ओढून नेलं.

मी एकटी राहिले, नळ्या धुवायला. नाशिकला करते तसंच केलं, दोन्ही नळ्या आधी बर्फात ठेवल्या. थोड्या वेळाने पाहिलं. बकऱ्याची नळी आरपार स्वच्छ, पलीकडची खिडकी दिसत होती. माणसाची पांढरी ती पांढरीच. पुन्हा बर्फात दाबली, वर आणखी बर्फ घातला. मग हलवून पाहिली. फाटलेल्या दुधासारखे कण तळाशी बसत होते.

तो मांडव नव्हताच. नासकं होतं ते.

नळासमोर मी ती नळी धरून उभी राहिले. धुतली असती तर कोणालाच कळलं नसतं. मला तेच तर सांगितलं होतं, धू म्हणून. आणि धुतली असती तर नाशिकला गेल्यावर सरांनी मला घरी बसवलं असतं, माणसाचं प्रथिन आलं म्हणून. पण सांगायचं म्हणजे चहाच्या खोलीत पंधरा साहेबांसमोर तोंड उघडायचं. खोटं कशाला सांगू, दोनदा नळाची तोटी उघडली आणि दोनदा बंद केली.

शेवटी एक मार्ग सुचला ज्यात बोलावं लागत नव्हतं. बर्फाची बादली दोन्ही नळ्यांसकट उचलली, चहाच्या खोलीत गेले आणि समोशांच्या ताटलीशेजारी, डॉक्टर रावांसमोर ठेवली.

"सुमनबाई!" सर ओरडले. "हे इथे कशाला? कोणी सांगितलं होतं हात लावायला?"

मी मीनलताईंकडे पाहिलं. त्या उठून आल्या, दोन्ही नळ्या काढल्या आणि उजेडात धरल्या. मग म्हणाल्या, "सर, यांची उतरली नाही."

"म्हणजे?"

"बर्फात उतरली नाही, सर. पांढरीच आहे. हा साका आहे नुसता."

डॉक्टर राव हसले आणि हिंदीत मला म्हणाले, "थोडा टाइम लगता है, अम्मा." मग सगळ्यांनी वेळ दिला. अर्धा तास एवढे शिकलेले लोक एका बादलीभोवती उभे होते, आपल्याकडे सापाच्या बिळाभोवती उभे राहतात तसे. सर पहिली दहा मिनिटं रावांच्या बाजूला होते. रावांचा चेहरा उतरू लागला तसे ते पावला-पावलाने मीनलताईंच्या बाजूला आले. नळी काही उतरली नाही.

डॉक्टर राव शेवटी म्हणाले, अजून सुरुवात आहे. आणि उरलेला समोसा खाल्ला. त्यांना मी फार दोष देत नाही. निदान ते खाली बघून खात होते. सर मात्र उभे राहिले आणि इंग्रजीत बोलले. मीनलताईंनी मला नंतर अर्थ सांगितला, "नाशिकला आम्ही बर्फाची पायरी कधीच सोडत नाही. माझा तसा आग्रहच असतो." त्यांना पुन्हा टाळ्या मिळाल्या. टाळ्या त्या लोकांना फार सोप्या आहेत.

परत

परतीच्या गाडीत सर परभणीनंतर बोलू लागले आणि औरंगाबादपर्यंत बर्फाची पायरी त्यांनीच शोधून काढल्यासारखं झालं. मीनलताई खिडकीबाहेर बघत होत्या. मध्येच त्यांनी माझा हात दाबला. त्यांचा प्रबंध सरांच्या सहीवर अडलेला, त्या काय बोलणार?

मनमाडला नाशिकरोडची गाडी यायला वेळ होता. बाकावर बसून सर म्हणाले, "सुमनबाई, डॉक्टर रावांनी आपल्याकडचं ट्युब्युलिन मागितलंय. तुलनेसाठी, दर महिन्याला. तेव्हा सोमवारी आठ मेंदू लागतील. आणि हो, त्या कादरच्या पद्धतीने काढून आणा, अख्खे."

मला कळलंच नाही मी कधी तोंड उघडलं. "माझी कायमची ऑर्डर द्या, सर. मग आणते."

"अहो, ते माझ्या हातात कुठे आहे? कमिटी भरली की—"

"मग कमिटीला पाठवा मेंदू आणायला. पहाटे पाचला भद्रकालीत उतरायचं. रस्ता मी सांगते."

एवढं लांब वाक्य मी सरांशी कधीच बोलले नव्हते. सर फलाटाच्या दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्र घ्यायला गेले.

सोमवारी मी कॉलेजात वेळेवर गेले आणि नळ्या धुतल्या. मेंदू आणायला सर स्वतः गेले, स्कूटरवर, रुमाल बांधून. आले तेव्हा नऊ वाजले होते. बर्फाची बरणी स्कूटरवरच ठेवून ते आत गेले होते आणि मेंदू प्लॅस्टिकच्या पिशवीत, उन्हातून आणले होते. बघवत नसल्यामुळे पिशवीत काय घातलं तेही त्यांनी पाहिलं नव्हतं. आठपैकी तीन मेंदू होते, बाकीच्या कपुऱ्या, म्हणजे बोकडाचे आंड. त्या तीन मेंदूंचं मीनलताईंनी जे काढलं, त्यावर यंत्राचा पेन दिवसभर सरळ रेघ ओढत बसला.

जी कमिटी चार वर्षं भरत नव्हती ती बुधवारी दुपारी भरली. गुरुवारी सरांनी टाइप केलेला कागद माझ्यासमोर टेबलावर सरकवला आणि दुसरीकडे पाहत राहिले. मी हात पुसले, कागद दोनदा वाचला, तारीख पाहिली, सही पाहिली, शिक्का पाहिला. घडी करून पिशवीत ठेवला. आणि मग विचारलं, "किती आणू?"